शेण वेगळे, लीद वेगळी

सोलापूरहून विजयपूरच्या रस्त्याने दक्षिणेला निघाले, की वीस-पंचवीस किलोमीटरवर मंद्रूप लागते. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, आणि तालुक्याच्या दक्षिण कडेला भीमा; तिच्या पलीकडे कर्नाटक. हे माझे गाव. एका उन्हाळ्यात सुट्टीला गेलो असताना पुतणीला घेऊन कुंभाराकडे माठ आणायला गेलो. चिखल तुडवणे चालू होते. मध्येच त्यांनी पाटीभर वाळकी लीद आणून मातीत मिसळली. लीद गाढवाची होती.

पुतणी नववीत. तिने लगेच विचारले, "मामा, समोर म्हशीच्या शेणाचा एवढा ढीग पडलाय. मग लीदच कशाला?"

"शेणात काडी न्हाई, बाळ," ते म्हणाले. "लिदीत काडी असती. काडी नसली तर मडकं वाळताना तडकतंय."

मडके का तडकते हे मी तिला समजावू शकलो. माती वाळताना आकसते. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला मागून. त्यामुळे पृष्ठभागावर ताण येतो. बारीक काड्या तो ताण सगळीकडे वाटून देतात आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायला वाटही करून देतात. हे झाले भौतिकशास्त्र. तो माझा विषय. पण गाढवाच्या लिदीत काडी राहते आणि म्हशीच्या शेणात राहत नाही, हे का? चारा तर दोघांना एकच, ज्वारीचा कडबा. इथे माझे ज्ञान संपले. कॉलेजात परतल्यावर प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना गाठले, पुस्तके चाळली, आणि जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो आहे.

आधी तुम्ही एक गोष्ट करून पाहा. वाळलेल्या शेणाचा आणि वाळलेल्या लिदीचा सारख्या वजनाचा तुकडा घ्या. दोन डब्यांत पाणी घालून ते रात्रभर भिजत ठेवा. सकाळी ढवळून जुन्या चहाच्या गाळणीतून गाळा आणि वरून भरपूर पाणी ओता. गाळणीत जे उरेल ते उन्हात वाळवून वजन करा. लिदीच्या गाळणीत बोटांच्या चिमटीत धरता येतील अशा काड्या दिसतील. शेणाच्या गाळणीत बहुतेक बारीक चोथा. आकडे मी मुद्दामच देत नाही, ते तुम्ही काढायचे आहेत. (गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, आणि हात साबणाने धुवा.)

एक सावधगिरी. गोळ्यांचा आकार पाहून फसू नका. शेळी लेंड्या टाकते म्हणून ती घोड्याच्या जातीची ठरत नाही. शेळी गाईसारखीच रवंथ करते. लेंडी फोडून आतला चोथा किती बारीक आहे ते पाहा, म्हणजे खात्री पटेल.

आता कडब्याकडे वळू. ज्वारीचा दाणा आणि ज्वारीची काडी या दोहोंत ग्लुकोजच भरलेले असते. दाण्यात ग्लुकोजचे रेणू स्टार्चच्या रूपात जोडलेले असतात, काडीत सेल्युलोजच्या रूपात. फरक फक्त जोडणीचा, पण तो फार मोठा आहे. स्टार्चची साखळी तोडणारी विकरे तुमच्या-माझ्या लाळेत आणि लहान आतड्यात असतात. सेल्युलोजची साखळी तोडणारी विकरे आपल्याकडे नाहीत. गाईकडे नाहीत, घोड्याकडेही नाहीत. कडबा खाऊन जगणारा बैल स्वतः कडबा पचवतच नाही! ते काम करतात सूक्ष्मजंतू. त्यांना ऊब हवी, ओलावा हवा, ऑक्सिजन नको, आणि मुख्य म्हणजे सवड हवी. कारण काडी कुजायला वेळ लागतो. म्हणून चारा खाणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटात कुठे तरी एक मोठा रांजण लागतो, जिथे चारा दोन-दोन दिवस आंबत पडेल.

हा रांजण लहान आतड्याच्या आधी ठेवायचा की नंतर, यावरच पुढचे सगळे अवलंबून आहे.

गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांनी तो आधी ठेवला. त्याला कोठीपोट म्हणतात. पुस्तकात रोमंथिका असे नाव सापडेल. मोठ्या गाईच्या कोठीपोटात शंभर लिटरांहून अधिक ऐवज मावतो, आणि त्याच्या एका मिलिलिटरात जिवाणूंची संख्या एक हजार कोटींच्या घरात असते. ते सेल्युलोज फोडून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्ले तयार करतात. ही आम्ले कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात जातात आणि तेच गाईचे मुख्य इंधन. (ॲसेटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल. थोडक्यात, बैल व्हिनेगरवर नांगर ओढतो.) कोठीपोटाच्या पुढच्या वाटेवर एक अरुंद दार आहे. साधारण एक-दोन मिलिमीटरांहून मोठा तुकडा त्यातून सहसा पुढे जात नाही. मोठा तुकडा परत तोंडात येतो, चघळला जातो, पुन्हा खाली जातो. हेच रवंथ, आणि ते दिवसातून सहा-आठ तास चालते. शेणात काडी का नसते याचे उत्तर हे दार आहे.

पुढे आणखी एक फायदा आहे. चाऱ्याबरोबर सूक्ष्मजंतूही वाहत पुढे जातात, खऱ्या जठरात मरतात आणि लहान आतड्यात पचतात. ते प्रथिनांनी भरलेले असतात. म्हणजे गाय आधी त्यांना चारा घालते आणि मग त्यांनाच खाते.

घोडा, गाढव, खेचर यांचा रांजण लहान आतड्याच्या नंतर आहे. आतड्याच्या या मागच्या भागाला पश्चांत्र म्हणतात. त्यात अंधांत्र, मोठे आतडे आणि गुदाशय येतात. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरांचे. पुढे वीसेक मीटर लांबीचे लहान आतडे. ते संपते तिथे अंधांत्राची पिशवी सुरू होते. ती सुमारे एक मीटर लांब असते आणि तिच्यात तीसेक लिटर ऐवज मावतो. तिचे तोंड आणि निघायची वाट एकाच टोकाला असतात. दुसरे टोक बंद, म्हणून ते 'अंध'. त्यानंतर मोठे आतडे, दुमडून-दुमडून पोटात बसवलेले, साठ-ऐंशी लिटरांचे. घोड्याच्या एकूण अन्नमार्गाची निम्म्याहून अधिक जागा या पश्चांत्राने व्यापलेली असते. सूक्ष्मजंतू तसेच, आम्लेही तीच. नुसत्या चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्याला निम्म्याहून अधिक ऊर्जा या मागच्या रांजणातूनच मिळते.

मग तोटा कसला? पहिला तोटा असा, की इथे तयार झालेले सूक्ष्मजंतू पचवायला पुढे लहान आतडे उरलेलेच नाही. ते मागे राहिले. एवढी प्रथिने लिदीबरोबर बाहेर पडतात. दुसरा तोटा, रवंथ नाही आणि गाळणीचे दारही नाही. घोडा काडी एकदाच चावतो. पुढे ती जशी असेल तशी वाहत जाते. सेल्युलोज पचवण्यात घोडा गाईच्या साधारण दोन-तृतीयांश एवढाच कार्यक्षम आहे, असे जाणकार सांगतात. उरलेला भाग कुंभाराच्या कामी येतो.

तुम्ही म्हणाल, मग घोड्याची योजना गाईच्या योजनेहून निकृष्ट झाली. मलाही आधी तसेच वाटले होते. पण १९७६ साली क्रिस्टीन जॅनिस या संशोधिकेने या दोन योजनांची तुलना करून एक मार्मिक गोष्ट दाखवली. दार नसणे हाच घोड्याचा फायदा आहे. चारा जितका भरड, तितका तो गाईच्या कोठीपोटात जास्त वेळ अडकतो. जुना बाहेर पडल्याशिवाय नवा आत घेता येत नाही. घोड्याला ही अडचण नाही. चारा निकस असेल तर तो अधिक खातो आणि लवकर पुढे ढकलतो. मोकळा सोडलेला घोडा दिवसाचे चौदा-सोळा तास चरत असतो. तेव्हा हिशोब असा: चारा थोडा पण बरा असेल तर गाय टिकते. चारा वाईट पण मुबलक असेल तर घोडा टिकतो, आणि गाढव तर त्याहून चांगले टिकते.

१९७२चा दुष्काळ मी पाहिलेला नाही, आजोबांकडून ऐकला आहे. ते एक गोष्ट नेहमी सांगत. बैलाचे पोट टम्म दिसे आणि तरी बरगड्या वर आलेल्या असत. लहानपणी मला हे कोडे वाटे. आता कळते, की जुनाट, नायट्रोजनाचा अंश नसलेल्या काडीवर कोठीपोटातले सूक्ष्मजंतूच उपाशी पडतात. ते मंदावले, की काडी फुटत नाही, दारातून जात नाही आणि पोट भरलेलेच राहते. भरल्या पोटी उपासमार! २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. तेथे जनावरांना ऊस घातला जाई, तेव्हा त्याबरोबर पेंडही लागे, ती याचसाठी. नुसती साखर आणि काडी देऊन सूक्ष्मजंतू वाढत नाहीत.

आता एक प्रसंग सांगतो. तो सांगायला मला अजूनही जड जाते.

मी तेव्हा सहावीत होतो. ज्वारीची मळणी चालू होती आणि शेजारच्या मळ्यात खळ्यावर रास पडली होती. त्यांची एक घोडी होती, तांबूस रंगाची, गरीब स्वभावाची. आम्ही पोरे तिच्या पाठीवर बसत असू. एका रात्री तिचे दावे सुटले. पहाटे ती राशीजवळ उभी सापडली. किती दाणे खाल्ले असतील कोण जाणे, पण दिवस वर आला तशी ती अस्वस्थ झाली. मागे वळून पोटाकडे बघे, पुढच्या पायाने माती उकरी, खाली पडून लोळे, पुन्हा उठे. घाम थांबेना. डॉक्टर आले, नाकातून नळी घालून जठर रिकामे करायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी पहाटे घोडी गेली. मालक तिच्या शेजारी बसून एकच वाक्य बोलत होता, "धान्यच खाल्लं की तिनं, इख न्हाई खाल्लं."

त्याच्या त्या वाक्याला तेव्हा कोणापाशी उत्तर नव्हते. आज देता येईल. घोड्याचे जठर लहान, आणि घोड्याला ओकता येत नाही. गळा आणि जठर यांच्यामधली झडप इतकी घट्ट असते, की आत गेलेले उलटून येत नाही. भिजून फुगलेल्या दाण्यांनी जठर तटतटते, प्रसंगी फुटतेसुद्धा. त्यातून जे पुढे सरकते ते लहान आतड्याला झेपत नाही. थोडा दाणा असता तर त्याचे स्टार्च तिथेच पचून गेले असते. पण ढीगभर स्टार्च आले, की ते न पचताच मागच्या रांजणात उतरते. तिथे स्टार्चवर झडप घालणारे वेगळेच जिवाणू असतात. ते भराभर वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता चढते, काडी फोडणारे जिवाणू मरतात, त्यांच्या शरीरातली विषे रक्तात शिरतात. जनावर पोटशुळातून वाचले तरी पुढे खुरांच्या आत दाह होऊन पांगळे होऊ शकते. मालकाचे म्हणणे खरेच होते. घोडीने विष खाल्ले नव्हते. ते तिच्या पश्चांत्रात तयार झाले.

बैलाला हे होत नाही असे समजू नका. धान्याची रास बैलालाही मारते. त्याच्या कोठीपोटात हेच लॅक्टिक आम्ल होते. म्हणून ज्यांच्या घरी घोडा, गाय, शेळी काहीही असेल त्यांनी मळणीच्या दिवसांत दावे दोनदा तपासावे. जनावराने धान्य खाल्ल्याचा संशय आला तर दुखणे दिसायची वाट पाहू नये, त्याच क्षणी पशुवैद्यकाला बोलवावे.

ज्वारीच्या बाबतीत उलटा प्रकारही आहे, जिथे गाय हरते आणि घोडा बऱ्याच अंशी सुटतो. पावसाने ताण दिल्यावर गुडघाभर कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे हिरवे फुटवे जनावराने खाल्ले, तर ते तासाभरात मरू शकते. आमच्याकडे याला किराळ लागणे म्हणतात. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते. पान चावले गेले, की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटू लागते, आणि कोठीपोटाचे उबदार, फारसे आम्ल नसलेले पाणी व त्यातले सूक्ष्मजंतू या क्रियेला चांगलाच हातभार लावतात. घोड्याच्या वाटेत आधी जठरातले तीव्र आम्ल येते. ते पानातल्या विकराला निकामी करते, त्यामुळे विष हळू सुटते. म्हणून घोड्याला कोवळी ज्वारी खुशाल घालावी असे नाही. सतत घातली तर त्याच्या मूत्राशयावर आणि मज्जारज्जूवर परिणाम होतो. गाईला किराळ लागली तर पशुवैद्यक जे औषध शिरेतून देतात त्यात सोडियम थायोसल्फेट असते. जुन्या छायाचित्रकारांचा 'हायपो' तो हाच. फुलोऱ्यानंतर ज्वारीतले हे विष कमी होते आणि कापून वाळवल्यावर बरेचसे उडून जाते. म्हणून कडबा निर्धोक.

आता माझ्या विषयाकडे थोडा वळतो, नाही तर सहकारी म्हणतील की याने घरच सोडले. ससाही मागचा रांजण बाळगणारा प्राणी आहे. २ किलोचा ससा आणि ५१२ किलोचा घोडा घ्या. वजनाचे प्रमाण २५६ पट. पोटाचे आकारमान साधारण वजनाच्या प्रमाणात, म्हणजे तेही २५६ पट. पण ऊर्जेची गरज तेवढी वाढत नाही. १९३२ साली मॅक्स क्लायबर यांनी दाखवले, की ती वजनाच्या तीन-चतुर्थांश घातांकाने वाढते. २५६ चे चौथे मूळ ४, त्याचा घन ६४. म्हणजे घोड्याची गरज सशाच्या ६४ पट, पोट मात्र २५६ पट. याचा अर्थ, घोडा चारा सशाच्या चौपट वेळ पोटात ठेवू शकतो. सशाला तेवढी सवड नाही. मग तो काडी पचवतो कसा?

तो पचवतच नाही! भरड काडी तो चटकन कडक लेंड्यांच्या रूपाने टाकून देतो. शेताच्या बांधावर सापडतात त्या ह्याच. बारीक आणि रसाळ भाग तो मागे फिरवून अंधांत्रात साठवतो. तो तिथे आंबला, की त्याच्या मऊ, चिकट गोळ्या होतात आणि ससा त्या गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट गिळतो. १८८२ मध्ये मोरो नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने हे नीट वर्णन करून सांगितले. ऐकून नाक मुरडू नका. घोड्याच्या लिदीतून जी प्रथिने वाया जातात, ती ससा अशा रीतीने दुसऱ्या खेपेला लहान आतड्यातून नेतो. जीवनसत्त्वेही मिळतात. पाळलेल्या सशाला ती घाण वाटून अडवले तर त्याचे पोषण बिघडते.

वाळवीविषयी पुस्तकांत हमखास लिहिलेले असते, की तिच्या पश्चांत्रात प्रजीव राहतात आणि ते लाकूड पचवतात. क्लीव्हलंड यांनी १९२०च्या दशकात ते प्रजीव मारून दाखवले. वाळवी लाकूड खात राहिली आणि तरी उपासमारीने मेली. प्रयोग फार सुंदर, पण शिक्षकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की आपल्या शेतातली वारूळ बांधणारी वाळवी त्या जातीची नाही. तिच्या पश्चांत्रात ते प्रजीव नसतात. ती वारुळात बुरशीची बाग लावते. पावसाळ्यात वारुळाभोवती जी अळंबी उगवतात ती त्याच बागेची. म्हणजे हिचा एक रांजण पोटाच्या बाहेरच!

आणि आपण? ज्वारीच्या भाकरीतला कोंडा आपल्या लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथे आपलेही सूक्ष्मजंतू त्याची तीच आम्ले करतात. घोड्याच्या मानाने ही कमाई किरकोळ, पण त्यातल्या ब्युटिरिक आम्लावर मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी पोसल्या जातात.

त्या दिवशी आणलेला माठ दोन उन्हाळे चालला आणि मग पुतणीच्या हातून फुटला. तिने एक खापर भिंगाखाली धरून मला बोलावले. तुटलेल्या कडेवर बारीक, लांबट पोकळ रेघा दिसत होत्या. भट्टीत काड्या जळून गेल्या होत्या, त्यांच्या जागा राहिल्या होत्या. तुमच्या घरचा माठ फुटला तर खापर टाकण्यापूर्वी तिची कड एकदा भिंगातून पाहा.

गाढवे मात्र कमी होत चालली आहेत. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये १ लाख २० हजार उरली. लीद आता लांबून आणावी लागते, असे कुंभारमामा परवा सांगत होते.